घळीतली माती

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. पोराला नाही, भावाला नाही. इंदूला, माझ्या बायकोला, सांगायला पाहिजे होतं — ती गेल्या साली गेली. शिक्षण कमीच, जमेल तसं लिहितो.

माझा कुणावर भरोसा बसत नाही. निलंग्याकडनं जीप आली, पोरंपोरी उतरली. म्हणे गावच्या मातीचा नकाशा करायचाय, कुठल्या रानात काय येईल ते सांगायला. फुकट? दुसऱ्याच्या रानात पुरुषभर खड्डा खणून फुकट कोण सांगतं? पारावर बोलणं होतं, ज्याची जमीन हलकी निघेल त्याची सोलारच्या कंपनीला जाणार. मला ते पटलं. माझ्या रानात हातभर खणलं की चुनखडी लागते.

मग काय केलं मी? त्यांना खालच्या कोपऱ्यात नेलं. तिथं जुनी घळ होती, मीच तलावाचा गाळ टाकून बुजवलेली. एक पोरगी खड्ड्यात उतरली, माती चोळून बघितली.

"मामा, इथं बाहेरून गाळ टाकलाय का?"

"न्हाई. आज्यापासून अशीच हाय."

"वर पण एक खड्डा घेऊ मग."

"वर हरभरा हाय. तुडवू नका."

नकाशा आला. आमचं रान मोसंबीला चांगलं! इंदूला बागेची लई हौस. तेव्हा तरी बोलायचं — नाही बोललो. खोटं उघडं पडलं असतं. आणि खरं सांगू? वाटलं, बाग लागेल एखादवेळेस.

सगळी रोपं तिनं स्वतः लावली. उन्हाळ्यात डोक्यावर घागरी नेऊन जगवली. तरी मुळं चुनखडीला टेकली, पानं पिवळी पडली, शेंडे वाळत गेले. एकदा तिनं हळूच विचारलं,

"अवो, त्या पोरीला खरं सांगितलं होतं ना?"

मी उखडलो. नवऱ्यावर संशय घेतीस? म्हणलं, तुझ्याच हाताला गुण न्हाई.

हे मी म्हणलं. अंगणात, शेजारणींच्या देखत. आणि तिनं ते खरं धरलं — कळतंय का तुम्हाला?

पेरणीची पहिली मूठ आमच्या घरात तिची असायची. त्या सालापासनं ती बांधावरच थांबायची, सुनेला पुढं करायची. "माझा हात नको." लोणचं घालायला शेजारणी तिला बोलवायच्या, त्याही बोलवीनात. मी नुसतं बघत राहिलो. गाळ मी टाकलाय, एवढंच सांगायचं होतं. किती वर्षं होती माझ्याकडं!

तिच्या तेरवीला बायका आपसात बोलत होत्या — बाई गुणाची, हाताला तेवढं यश नव्हतं. मी पंगतीत होतो, सगळं ऐकू येत होतं. वरण वाढायला आलं. मी वरण घेतलं.