डावं की उजवं

त्या वायरमनला सगळे ‘ठाम’ म्हणत. चूक असो वा बरोबर, गडी ठाम. खांबावर चढणाऱ्याचा जीव खाली हँडल ओढून लाइन बंद करणाऱ्याच्या हाती असतो, आणि ठामचं डोकं म्हणजे लोखंडी पेटी, अशी त्याची ख्याती.

अर्धशिशीची गोळी सुरू झाली आणि पेटीला भोक पडलं. जुनं सगळं तोंडपाठ, नवं मात्र टिकेना. सबस्टेशनातली हँडलं नुकतीच बदलली होती. डावं कुठल्या रस्त्याचं, उजवं कुठल्या, हे सकाळी शिकायचा आणि दुपारी पाटी कोरी.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं, “सेरोटोनिन म्हणजे मेंदूतला निरोप्या. पेशीवरच्या ज्या ठिकाणी तो निरोप पोचवतो, ती ठिकाणं ही गोळी अडवते. त्यानं डोकं दुखायचं थांबतं. पण अशी ठिकाणं अनेक जातींची. काहींचा संबंध शिकण्याशी, लक्षात ठेवण्याशीही असतो. बहुतेकांना त्रास होत नाही. तुम्हाला गोळीनंच होतंय, हे छातीठोक नाही सांगता येणार. हळूहळू कमी करून बघू. तोवर जोखमीचं काम नको.”

“हे आधी का नाही सांगितलंत?”

“तुम्ही काय काम करता, ते कुठे माहीत होतं?”

माहीत कसं असेल? गोळी लिहिणाऱ्यानं एकदा तरी विचारावं ना, बाबा, पोटासाठी करतोस काय!

आणि ठामही काही कमी नव्हता. कामावर चकार शब्द काढला नाही. इज्जत जाईल ना!

दुसऱ्याच दिवशी त्याच्याच हाताखाली काम करणारा मेहुणा दुरुस्तीला खांबापाशी गेला. ठामनं हँडल खाली ओढलं, कुणी परत वर करू नये म्हणून कुलूप घातलं, फोनवर म्हणाला, “बंद केलंय. चढ.”

मग त्यानं त्या हँडलाकडे पाहिलं. डावं. डावं म्हणजे मेहुण्याचा रस्ता? की मागचा? आठवेना. फोन लावला, मेहुणा उचलेना. ठाम बाहेर पळाला, खांबाखाली पोचून वर ओरडला,

“हात मागे घे! तारेला शिवू नकोस!”

“दाजी, डोकं फिरलं का? तुम्हीच तर चढ म्हणालात!”

“फिरलंय! खाली उतर!”

मेहुणा कुरकुरत उतरला. ठामनं लांब काठीचा टेस्टर तारेला लावला. दिवा लागला नाही. लाइन बंदच होती.

“बघा! उगाच जीव खाल्लात.”

“बंद होती रे. पण मला माहीत नव्हतं.” ठामनं काठी खाली ठेवली. “गोळी चालू आहे माझी. नवं काही राहत नाही डोक्यात.”

मेहुण्यानं वर तारेकडे पाहिलं. “मग काल? परवा?”

ठामनं कुलपाची किल्ली मेहुण्याच्या हातावर ठेवली आणि साहेबांच्या केबिनकडे निघाला.