भाऊबीजेच्या ताटातली आमदनी

तमाम लहानथोरांस इत्तला देण्यात येते की, भावाने बहिणीच्या ताटात टाकलेली ओवाळणी ही आमदनी आहे की नाही, या गहन प्रश्नाचा निकाल निजामाच्या राज्यात, तलवाड्याच्या एका ओसरीत, पाटावर लागला. मी हजर होतो. खरं सांगायचं तर गुन्हेगार मीच.

माझी थोरली बहीण, म्हणजे अक्का, तलवाड्याला दिलेली. तिचे यजमान कचेरीत चपराशी होते. ते गेल्यावर तिला सरकारातून महिना चार रुपये वजीफा सुरू झाला. अट एकच, दुसरीकडून काही आमदनी नसावी. त्या चार रुपयांवर आणि एका शेळीवर तिचं घर चाले.

त्या भाऊबीजेला मी बीडहून बैलगाडीने पोचलो, तर ओसरीत वजीफ्याच्या तपासणीला आलेले अंमलदार आणि त्यांचा कारकून दौत-टाक मांडून बसलेले. अक्काने मला दारातच गाठलं. ताटात नुसती सुपारी टाक, बाकीचं मागून बघू, असं दटावून सांगितलं. मी मान डोलावली. अगदी मनापासून डोलावली.

पण पाटावर बसलो, निरांजन फिरू लागलं आणि अंमलदार माझ्याकडेच बघताहेत हे दिसलं. डोक्याला नवा फेटा, मिशीला तूप, आणि ताटात सुपारी? परका माणूस काय म्हणेल! निजामाच्या टांकसाळीतले पाच हाली रुपये खणखणत ताटात पडले.

लहानपणी याला विहिरीत का ढकललं नाही, अशा नजरेने अक्काने माझ्याकडे पाहिलं.

दरसाल देता का, असं अंमलदारांनी सौम्यपणे विचारलं. मी छाती काढून हो म्हणालो. कारकुनाने टाक बुडवला आणि नव्याने चौकशी होईपर्यंत वजीफा बंद राहील, असं सांगून टाकलं.

अक्काने निरांजनात तूप घातलं, वात सारखी केली आणि अंमलदारांपुढे पाट मांडला.

"तुमीबी बसा, साहेब. आजच्या दिवशी दारात आलेल्याला ओवाळल्याबिगर आमी जाऊ देत न्हाई."

यात कावा होता का, हे मी तिला पुढे कितीदा तरी विचारलं. "कावा कावून करीन? माणूस घरी आलतं," एवढंच ती म्हणे.

अंमलदार मुसलमान, वयाने वडीलधारे. जोडे काढून मुकाट बसले. रुमी टोपी जरा मागे सारून त्यांनी कुंकवाला कपाळ दिलं. ओवाळून झाल्यावर ताट त्यांच्यासमोर थांबलं आणि थांबूनच राहिलं. रिकामं ताट परत पाठवायचं नसतं, हे गावोगाव फिरलेल्या त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. शेरवानीतून एक रुपया निघाला.

कारकून बिचारा इमानी. टाक तसाच हातात धरून त्याने अदबीने विचारलं, साहेब, हा रुपयाही आमदनीत धरू का?

कपाळावर ओलं कुंकू घेऊन अंमलदार कडाडले, "बहिणीला दिलेलं कुठं लिहितात का बे!"