देवाची विहीर

कल्याणच्या आमच्या गणपतीत एक हिवतापाचे डॉक्टर मंडपाच्या कोपऱ्यात भिंग मांडून बसायचे आणि बाटलीतल्या अळ्या लोकांना दाखवायचे. बोलताना समोरच्याकडे क्वचितच पाहायचे. प्रत्येक वाक्य ‘माझ्या निरीक्षणानुसार’ असं सुरू व्हायचं. तीन वर्षं खाडीकाठच्या एका गावातली डबकी तपासूनही तिथला ताप हटत नव्हता.

“माझ्या निरीक्षणानुसार, तापाचे डास या अळ्यांतूनच होतात,” त्यांनी त्याच गावच्या एका आगरी बाईला सांगितलं.

ती भिंगातून बराच वेळ पाहत राहिली. “ह्ये तं आमचे देवाचे हिरीन हान.”

“विहीर? मला कुणी दाखवली नाही.”

“तुमी पान्यान तेल वतता. म्हनून लपवली.” मग हळूच म्हणाली, “माजी दोन पोरं तापान गेली.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते तिच्याबरोबर विहिरीवर गेले. मीही होतो. पहिल्याच बादलीत अळ्या वळवळत होत्या. अळ्या मारायला तेल नको, त्या खाणारे मासे सोडू, असं ते म्हणाले.

“आदी इचारलं असतं तं सांगितलं असतं,” ती म्हणाली.

डॉक्टरांनी अहवालात विहिरीचा शोध तिच्या नावावर लिहिला. मग तिच्या गेलेल्या मुलांची नावं विचारली आणि तीही खाली लिहिली.