तिसऱ्या सिलिंडरची रेघ

"तिले त्या रेघा पायल्याशिवाय चाय गोड लागत नाई."

पत्र्याच्या पार्टिशनपलीकडून भाऊंचा आवाज आला आणि कोणीतरी हसलं. मी लॅपटॉपवरून मान वर केली नाही. चहा खरोखरच गार झाला होता.

भाऊ आमच्या हँगरमधले सगळ्यात जुने मेकॅनिक. चंद्रपूरबाहेरच्या या लहानशा धावपट्टीवर विमान चालवायला शिकवतात. भाऊ ती विमानं दुरुस्त ठेवतात आणि मी त्यांच्या इंजिनांची माहिती वाचते. उड्डाण संपलं की विमानातल्या मॉनिटरचं मेमरी कार्ड काढायचं, लॅपटॉपमध्ये घालायचं आणि चार सिलिंडरच्या धुराचं तापमान दाखवणाऱ्या चार रंगांच्या रेघा बघायच्या. हे काम मला आवडतं, कारण त्यात फारसं बोलावं लागत नाही.

गेल्या काही उड्डाणांपासून एका विमानाची तिसरी रेघ मला स्वस्थ बसू देत नव्हती. बाकीच्या तिघी सरळ जात होत्या. ही मात्र हळूहळू चढायची, उतरायची, पुन्हा चढायची, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखी. मोजणीची तार सैल असती तर रेघ मध्येच तुटली असती. सिलिंडरमधला धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह कडेने जळायला लागला की धुराचं तापमान अशा मंद लाटा घेतं, असं मी शिकले होते. आणि असा व्हॉल्व्ह एखाद्या दिवशी हवेतच तुटतो.

"चंद्रपुरात राहून गरम नाई होईन तं काय थंड होईन?" भाऊ पहिल्यांदा म्हणाले होते. गरमी चारही सिलिंडरना सारखीच लागते, हे वाक्य मी मनात जुळवलं, आधी इंग्रजीत, मग मराठीत. तोवर ते हात पुसत निघून गेले होते.

दुसऱ्यांदा ते म्हणाले, प्रोब गेला असेल. प्रोब म्हणजे धुराच्या नळीत बसवलेली, तापमान मोजणारी बारीक सळई. ते शक्य होतं. म्हणून काल दुपारी मी त्यांना मेसेज केला: दोन आणि तीन नंबरचे प्रोब आपसात बदलाल का? लाट प्रोबबरोबर दोनवर गेली तर प्रोब खराब, तीनवरच राहिली तर दोष इंजिनात. उत्तर म्हणून नुसता अंगठा आला.

आज सकाळी उड्डाण शिकवणाऱ्या कॅप्टनसरांनी ते विमान एक चक्कर फिरवून आणलं. मी कार्ड घातलं. लाट तीनवरच होती.

पण भाऊंनी प्रोब बदलले होते का? कामाच्या कागदावर 'प्रोब पाहिले' एवढंच लिहिलेलं. नुसते पुसून परत लावले असले, तर ही रेघ मला काहीच सांगत नव्हती. विचारायला हवं होतं. पण भाऊंना 'तुम्ही काम केलंत का' असं विचारणं म्हणजे तोंडावर खोटारडा म्हणणं. एकदा ऑइलचं झाकण घट्ट लावलं का, एवढंच विचारलं होतं, तर कितीतरी दिवस ते मला 'मॅडम' म्हणत होते.

तेवढ्यात इथे शिकणारी राजुऱ्याची मुलगी डोकावली. तिचं आज पहिलं एकटीचं लांबचं उड्डाण होतं, याच विमानातून. चामोर्शीवरून धानोऱ्याकडे आणि परत. चामोर्शीपर्यंत निदान धानाच्या बांध्या, मोकळी शेतं आहेत, वेळ आली तर उतरता येईल. पुढे खाली नुसती झाडं.

"ताई, माझ्या घोड्याची तब्येत बरी हाय ना?"

"बघतेय."

"लवकर पाय ना. आई सकाळपासून छतावर उभी हाय. मी तिले सांगतलं, मी राजुऱ्यावरून जातच नाई, तरी खाली उतरून नाई राह्यली!"

ती हसत पळाली. मी उठले, बसले. कार्ड काढून पुन्हा घातलं, जणू रेघ बदलणार होती. कूलरपाशी जाऊन पाणी प्यायले, तहान नव्हती तरी. खिडकीतून दिसत होतं, ती विमानाभोवती फिरून पंख, शेपटी, चाकं हाताने चाचपत होती. मग तिने दार उघडलं.

मी उन्हात बाहेर आले. भाऊ चाकाजवळ उकिडवे बसले होते, शेजारी कॅप्टनसर.

"भाऊ."

कोणी ऐकलं नाही. मी पुन्हा हाक मारली, आणि ती जरा जास्तच मोठी निघाली.

"भाऊ, काल तुम्ही प्रोब बदलले होते का?"

ते उभे राहिले. "काऊन? तुले काय वाटलं, अंगठा पाठवून झोपलो मी?"

"नाही, म्हणजे..."

"दोनचा तीनले, तीनचा दोनले. माह्या हातानं! इचार सरले, टॉर्च कोनं धरला होता."

"मी धरला होता," कॅप्टनसर म्हणाले.

"झालं समाधान?" भाऊंनी फडकं खांद्यावर टाकलं. ते नाही म्हणाले असते तर बरं झालं असतं, असं क्षणभर वाटलं. तर मला काहीच ठरवावं लागलं नसतं. ती मुलगी आत बसून पट्टा लावत होती.

"मग प्रोब चांगला आहे, भाऊ," मी म्हणाले. "व्हॉल्व्ह जळतोय. ही आज या विमानाने जाणार नाही."