दादाच्या शाईची बाटली

डॉक्टरसाहेबांनी माझा कागद पेशंटांसमोर टराटरा फाडला. "तुला काचा धुवायला ठेवलंय. निदान मी करतो," म्हणाले. मंग हसून म्हणाले, "वस्तीतल्या पोरी आता आम्हाला शिकवणार." बाकावरची माणसं खाली बघत बसली. मी वाकून तुकडे उचलले, माझ्याच हातानं टोपलीत टाकले. ते वाकणं अजून झोंबतं मला.

जालन्यातल्या त्या दवाखान्यात मी लॅब टेक्निशियन. पोटाला चिमटा घेऊन डिप्लोमा केल्ता. कागद माझ्या दादाच्या रिपोर्टचा होता. दादा जाफराबादला दुकानांच्या पाट्या रंगवायचा. एचआयव्ही निघाला तवापासून त्याची खाट व्हरांड्यात, पाण्याचा गिलास अलग. महिनाभर त्याचं डोकं ठणकून राह्यलं होतं. साहेबांनी मणक्यातून पाणी काढलं, नळी उजेडात धरली. "एकदम स्वच्छ. काही नाही यात."

मला पटलं न्हाई. अंगातली ताकद संपली की बुरशीसुद्धा मेंदूपर्यंत जाते, अन् पाणी वरून स्वच्छच दिसतं, हे आम्हाला शिकवल्तं. ती बघायला काळी शाई लागते. दवाखान्यात नव्हती. दादाच्या रंगाच्या पेटीतली बाटली आणली, एक थेंब टाकला. मायक्रोस्कोपखाली सगळं काळंभोर, अन् त्यात पांढऱ्या कड्यातले गोल दाणे. तीच बुरशी. दिसलं ते लिहिलं. तोच कागद फाडला.

मी गप बसले. आठ दिवस. दादा विचारायचा, "काय दिसलं गं तुला?" मी म्हणायचे, "साहेब बघून राह्यलेत." नवव्या दिवशी तो मला वळखेना. औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं तशीच शाई टाकली, तेच दाणे दिसले. "आठ दिवस आधी आणायचं होतं," तिथले डॉक्टर म्हणाले. दादा गेला. कागद साहेबांनी फाडला, पण गप तर मीच बसले ना.

महिन्यानं दुसरा एक माणूस आला. तसंच डोकं, तसंच स्वच्छ पाणी. मी शाई टाकली. रिपोर्ट दोनदा लिहिला, दोन्हींवर सही केली. एक साहेबांच्या टेबलावर, एक त्याच्या बायकोच्या हातात. "हे घेऊन औरंगाबाद गाठा. आजच."

साहेब म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस."

"न्हाई येत."

दादाची बाटली तेवढी उचलली. अर्धी भरलेली हाय अजून. जिथं मायक्रोस्कोप मिळंल तिथं ती उघडीन. दिसंल ते लिहीन. फाडलं तर परत लिहीन. तुकडे मात्र उचलणार न्हाई.