बारा इंचांची करवत

‘उसळी’ हा शब्द आपण चेंडूसाठी वापरतो. साखळीच्या करवतीच्या बाबतीत त्याचा अर्थ वेगळा आहे. पात्याच्या टोकाचा वरचा कोपरा लाकडाला टेकला, की यंत्र निमिषार्धात वर उडून धरणाऱ्याच्या मानेकडे झेपावते. यंत्र लहान असले तरी उसळते. आम्हा तीन निवृत्त शिक्षकांकडे या करवतीचे इतके किस्से साचले आहेत, की भेटलो की तेच निघतात, आणि हसता हसता कोणाचा तरी हात मानेकडे जातो.

करवत हवी होती वासुदेवरावांना. ते गणिताचे शिक्षक. आंजी गावच्या मळ्यात त्यांच्या गोठ्यावर बाभळीची वाळकी फांदी ओणवली होती. माहितीपुस्तिका वाचून यंत्र निवडण्याचे काम माझ्याकडे आले. त्यांच्या पत्नी शांतावहिनींनी मला बजावले, “भाऊजी, कोणतीबी आणा. पन हे घरी साबूत आले पायजे!”

*

वर्ध्याच्या दुकानात आमचे क्रीडाशिक्षक गजानन थेट बावीस इंची पात्याच्या पेट्रोल यंत्राकडे गेले.

“सर, झाड तोडाचं हाय का जंगल?” दुकानदाराने विचारले.

“घ्याचं त मोठंच घ्या!”

“मंग उचला. हात लांब ठेवजा. मी शंभर मोजतो.”

सव्विसाव्या अंकाला गजाननांचे हात थरथरू लागले.

“आता हे पातं फिरून राह्यलं, असं समजा!” दुकानदार म्हणाला. गजाननांनी यंत्र इतके अलगद खाली ठेवले, जणू निजलेले मूल!

*

मग गजाननांना सहा इंचांचे, एका हाताने धरायचे खेळणे आवडले. “एका हातात हे, दुसऱ्या हातात फांदी!”

“अन् बोटं कोन्या हातात?” वासुदेवरावांनी विचारले.

*

अखेर बॅटरीवरची बारा इंची ठरली. माझ्या मनात एक भीती होती: ती चालू असली तरी दात फिरेपर्यंत आवाज करत नाही.

“जे बोलत नाही, त्याचे मला भय वाटते,” मी म्हणालो.

“मंग माह्या मोठ्या भावाले भ्या,” वासुदेवराव म्हणाले. “वीस वर्सं झाले, बोलला नाई!”

*

खांडेनवमीला आमच्या शाळेत सर्व साधनांची पूजा होई. सूक्ष्मदर्शकालाही लाल धागा बांधलेला असे. निवृत्तीनंतरही ती सवय सुटली नाही. नवमीला मळ्यात करवत पाटावर ठेवली. हळदकुंकू, झेंडू, धागा. पुढच्या मुठीसमोर एक आडवी ढाल असते. उसळीत मनगट तिच्यावर आदळते, ती पुढे ढकलली जाते आणि साखळी जागच्या जागी थांबते. धागा ती ढाल व मूठ एकत्र घेऊन सात वेढे बांधला गेला. फार शोभून दिसला!

पूजेचा धागा सोडायचा नसतो. दोन दिवसांनी वासुदेवरावांनी तशीच करवत उचलली. गजानन आणि मी दहा पावलांवर उभे होतो. फांदी अर्धी कापली गेली असेल, तोच पात्याचे टोक मागच्या डहाळीला टेकले.

करवत उसळली. ढाल हलली नाही.

वासुदेवरावांच्या गळ्यातला दुपट्टा दोन तुकडे होऊन जमिनीवर पडला. करवत त्यांच्या मागे मातीत. ते खाली बसले.

“गजानन,” ते हळू म्हणाले, “पाह्य बरं, मान हाय का?”

“हाय, सर.”

“मंग पानी दे.”

आता आंजीत सांगतात, की वहिनींनी बांधलेला धागा तुटला, त्याने घाव आपल्यावर घेतला आणि सर वाचले. यात दोन चुका आहेत. धागा तुटला नव्हता. तो मला ब्लेडने कापावा लागला. आणि तो वहिनींनी बांधला नव्हता. गाठ माझी होती.