पवनचक्कीची खंडेनवमी

चक्कीचा ब्रेक सोडायला मी तार हातात धरली, तेवढ्यात मागून अक्का कडाडल्या, “हात लावू नगंस! पूजा झालीया तिची.”

अक्का म्हणजे वकिलांच्या आई. वकिलांनी कुंभारीच्या एका शेतातली मोडकी पवनचक्की विकत घेतली होती. ती बंगल्याच्या बागेत शोभेसाठी उभी करायची, हे काम माझ्याकडे होतं. गिरणीतली फिटरची नोकरी सोडून मी नुकतंच सोलापूरच्या भवानी पेठेत वर्कशॉप टाकलं होतं. त्या संध्याकाळी कलेक्टरसाहेब चहाला येणार होते. वकिलांना सरकारकडून ‘रावसाहेब’ किताब हवा होता. बागेत फिरती चक्की बघून इंग्रज माणूस खूश होणारच, अशी त्यांची खात्री.

चक्कीची दशा काय सांगू! पायांना शेळ्या बांधलेल्या, गिअरच्या पेटीत गांधीलमाश्यांचं पोळं. पाती गावभर पांगलेली. एका पात्यावर एका बाईच्या मिरच्या वाळत होत्या आणि ती काही केल्या ते सोडेना. आम्ही गंज खरवडला, बेअरिंग बदलली, शेपूट सरळ केलं. शेपूट म्हणजे मागचा पत्रा. तो चाकाचं तोंड वाऱ्याकडे वळवतो. पंपाची सळई मात्र काढून टाकली. चाक फिरलं की ही सळई खालीवर होते आणि विहिरीतलं पाणी वर येतं. इथे विहीर कुठली? खाली वकिलांचे गुलाबाचे वाफे होते.

चहाचा दिवस आला नेमका खंडेनवमीचा, कारण साहेब दुसऱ्या दिवशी दौऱ्यावर निघणार होते. सकाळी अक्कांनी विळी-कोयत्यापासून मोटारीपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लावलं. वकील उत्साहाच्या भरात म्हणाले, “आई, चक्कीलाही लाव की.” स्वतः झेंडूचा हार बांधला. पुजलेल्या अवजाराला त्या दिवशी सुट्टी असते, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. आणि मी तर स्वतःचे पाने-हातोडे पुजून, वर्कशॉपला कुलूप लावून आलो होतो!

म्हणून संध्याकाळी अक्का कडाडल्या, तेव्हा वकील म्हणाले, “आई, ही शोभेची आहे. अवजार नाही.”

“मंग हळदकुंकू कशाला लावाय लावलंस?”

कोर्टात भल्याभल्यांची बोलती बंद करणारा माणूस झेंडूच्या हाराची गाठ चाचपू लागला. तेवढ्यात फाटकाशी साहेबांच्या मोटारीचा हॉर्न वाजला.

मी म्हणालो, “अक्का, सुट्टी काम करणाऱ्याला असते ना? हिची सळई काढलीय. फिरली तरी ही काहीच काम करत नाही.”

“खरंच काय बी करत न्हाय?”

“काडीचं नाही.”

“मंग फिरंना का तिकडं!”

मी ब्रेक सोडला. चक्की झोकात फिरू लागली. साहेबांनी टोपी काढून बघितलं आणि आपल्या शिकलेल्या मराठीत विचारलं, “फार उत्तम! ही काय काम करते?”

अक्का ओसरीवर कान टवकारून बसलेल्या. पाणी उपसते म्हणावं, तर अक्का चक्की थांबवणार. काहीच करत नाही म्हणावं, तर रावसाहेबकी गेली. वकिलांनी माझ्याकडे असं बघितलं की मला त्यांची कीव आली.

“आज हिला सुट्टी आहे, साहेब,” मी म्हणालो.

साहेब खदखदून हसले. “उत्तम! मग दौऱ्यावरून आलो की हिचं पाणी बघायला येतो.”

वकिलांनी गुलाबांकडे बघितलं. पण आता करतात काय? गुलाब उपटले, चक्कीच्या चार पायांमध्ये विहीर खणली, मी सळई पुन्हा बसवली. आणि सोलापुरात नवलच म्हणायचं, पाणी लागलं, तेही गोडं. साहेबांची मात्र दौऱ्यावर असतानाच बदली झाली. अक्कांनी फाटक उघडं ठेवून आळीतल्या बायकांना पाणी भरायला बोलावलं. मला मनापासून बरं वाटलं. चांगली चक्की रिकामी फिरताना माझ्याच्यानं बघवत नव्हतं. वकिलांना किताब मिळाला, पण तो आळीतल्या बायकांनी दिला: ‘पाणीवाले वकील’.

तेव्हापासून कोणी शोभेची चक्की मागितली, की मी आधी एकच विचारतो, “विहीर कुठे खणायची?”